मळकी पट्टी

या अंकाचे संपादक माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमच्या धंद्यातल्या काही गमतीजमती लिहून द्या." हेच संपादक त्याआधी आमच्या गल्लीतल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांच्याकडे त्यांनी 'चिंतन' मागितलं होतं. हृदयाचं चिंतन आणि बुरशीच्या गमती. उभ्या जन्मात मला हाच न्याय मिळाला, तेव्हा एकट्या संपादकांवर रागावण्यात अर्थ नाही. तरी मी रागावलो, आणि मग लिहायला बसलो.

अमरावतीत माझी तपासणीची प्रयोगशाळा होती. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मी दवाखान्यात बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली, तिथेच तपासणी शिकलो, परीक्षा दिली आणि पुढे स्वतःचं दुकान थाटलं. मायक्रोस्कोप जुना घेतला. विकणारा गृहस्थ तेलात बुडवून पाहायचं भिंग वेगळं विकू पाहत होता. मी त्याच्या ओसरीवरून उठलोच नाही. शेवटी त्याच्या बायकोनं आतून सांगितलं, "देऊन टाका बाप्पा ते काच, मले सैंपाक कराचा हाये." असा मी. घासाघीस केल्याशिवाय मला काही मिळालं नाही, आणि घासाघीस करून जे मिळालं ते मी कधी सोडलं नाही.

रक्त, लघवी, थुंकी सगळं तपासत होतो, पण माझा हात बसला होता बुरशीच्या रोगांवर. गजकर्ण, चिखल्या, कुजकी नखं, पोरांच्या डोक्यात केस जाऊन पडणारे चट्टे. पाटीवर मी चांगल्या पेंटरकडून 'पॅथॉलॉजिकल लॅबोरेटरी' असं लिहून घेतलं होतं. टांगेवाले मात्र स्टँडवरच पेशंटला विचारत, "खाजवाल्याकडं जाचं हाये ना? बसा." टीबी तपासणाऱ्याला कोणी खोकलेवाला म्हणत नाही. खाजेनं माणूस मरत नाही, म्हणून खाज हा रोग नाही, असं आमच्याकडचं शास्त्र. रात्र रात्र मांड्या ओरबाडणाऱ्या माणसाला हे शास्त्र सांगून पाहा.

आता हा धंदा काय असतो ते सांगतो. दमट जागी ठेवलेल्या भाकरीवर हिरवट लव येते, तिच्याच भाऊबंदांपैकी काही जण माणसाच्या कातडीवर राहतात. गजकर्णाची बुरशी आत मांसात जात नाही. वरचं मेलेलं कातडं खाते आणि खात खात कडेकडेनं पुढे सरकते, म्हणून चट्टा गोल दिसतो. मध्ये बरं झाल्यासारखं वाटतं, पण ती कडेला बसलेली असते. तिथलं कातडं बोथट पात्यानं खरवडायचं, काचेवर घ्यायचं, वर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकायचा, जरा ऊब द्यायची आणि थांबायचं. कातडं विरघळतं, बुरशी विरघळत नाही. भिंगाखाली तिचे धागे दिसतात, बारीक पेरं असलेल्या बांबूसारखे, फांद्या फुटलेले. एकदा दिसले की वाद संपला.

त्यासाठी अट एकच. पेशंटनं काही न लावता, न घासता यावं. ही अट वऱ्हाडात कोणी पाळली नाही.

तिवशाकडचे एक हेडमास्तर आले होते. कमरेभोवती गजकर्ण. विटकरीच्या तुकड्यानं घासून चट्टा लालभडक केलेला, आणि वर चकाकत होता.

"काय लावलं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग हे चकाकतं काय?"

"ते खोबरेल. त्याला काय लावणं म्हणतात?"

भिंगाखाली तेलाचे गोळे. आठवडाभर काही न लावता या म्हणून सांगितलं, तर पुढच्या खेपेला पावडर थापून आले. म्हणाले, "तेल नको म्हणालात, म्हणून." एवढा शिकलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की, परक्या माणसासमोर उघडं अंग करायचं तर ते स्वच्छ नको का? वऱ्हाडी माणूस डॉक्टरकडे लग्नाला निघाल्यासारखा निघतो. आंघोळ, तेल, धुतलेले कपडे. रोग तेवढा घरी ठेवून येतो.

आखाड्यातली पोरं यायची ती वेगळी. एकमेकांचे लंगोट वापरायचे, सगळ्यांना एकदमच गजकर्ण व्हायचं, मग उस्ताद बिब्बा लावायचे. बिब्ब्यानं गजकर्ण जातं की नाही ठाऊक नाही. कातडं जळून नक्की जातं. उस्तादांना मी बोललो, तर ते म्हणाले, "जयलं म्हंजे लागू पडलं."

पुढे एकोणीसशे साठ साल उलटल्यावर गजकर्णावर पोटात घ्यायच्या नव्या गोळ्या आल्या. मला वाटलं, सुटलो. एका बँकेतल्या कारकुनाला डॉक्टरांनी पुऱ्या मुदतीच्या गोळ्या दिल्या. काही दिवसांत तो पुन्हा माझ्या समोर, चट्टे होते तिथेच.

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या ना जी. वाटून घेतल्या."

"वाटून म्हणजे?"

"घरात सगळ्यायलेच हाये. मंग मी एकट्यानंच खाचं? बरं दिसते का ते?"

आई, बायको, भाऊ, भावजय, सगळ्यांनी प्रसादासारखी एकेक गोळी घेतली होती. मी ओरडलो तेव्हा तो जाताना म्हणाला, "सायेब, खाज तुमाले हाये का आमाले?"

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तो माणूस गजकर्णाचा नव्हता. तो देविदास. एस.टी.चा ड्रायव्हर, अमरावती-अकोला गाडीवर. तिशीतला, उंच, खाकी कपड्यांना कडक इस्त्री, बुटाला पॉलिश. सोबत त्याची आई सुभद्राबाई, पांढरं लुगडं, सरळ पाठ. देविदासनं उजवा बूट काढला. पायाला दुधासारखी पांढरी पट्टी. पट्टी सोडली तर पाऊल टाचेकडून सुजलेलं, दगडासारखं घट्ट, आणि त्यावर चार-पाच भोकं. सर्जनसाहेबांनी दिलेली चिठ्ठी त्यानं पुढे केली. त्यात एवढंच होतं: दाणा शोधा.

हा रोग आपल्या काळ्या मातीतला. अनवाणी चालताना कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट किंवा बाभळीचा काटा पायात घुसतो. काटा निघतो, पण त्याच्यासोबत मातीतलं काहीतरी आत राहतं. ते वर्षानुवर्षं घर करतं. दुखत नाही, म्हणून माणूस लक्ष देत नाही. मग सूज, मग भोकं, आणि भोकांतून पू. त्या पुवात रव्यासारखे बारीक दाणे असतात. तो दाणा म्हणजे त्या जंतूंची वसाहत.

खरी गोष्ट पुढेच आहे. पाय बाहेरून सारखाच दिसला तरी आत राहणाऱ्या दोन जाती आहेत. एक खरी बुरशी, जाड धाग्यांची. तिच्यावर त्या काळी औषध नव्हतं, सुरी होती. दुसरी दिसते बुरशीसारखी, पण असते जंतूंची नातेवाईक, धागे अगदी बारीक. ती इंजेक्शनांना आणि गोळ्यांना ऐकते. म्हणजे देविदासचा पाय राहणार की जाणार, हे त्या दाण्यात लिहिलेलं होतं. पाय गेला की गाडी गेली. ब्रेक उजव्या पायानंच दाबायचा असतो.

मी सर्जनसाहेबांना भेटलो. एक्स-रेच्या फोटोत टाचेचं हाड खायला सुरुवात झालेली दिसत होती.

"मी आठवडाभर थांबतो," ते म्हणाले.

"होळीपर्यंत थांबा."

"होळीपर्यंत गुडघ्याखालून कापावं लागेल. आज घोट्यावर भागतंय."

"मग महिनाभर द्या."

"अहो, तुम्ही काय वांग्याचा भाव करताय?"

"तुम्ही आठवडा म्हणालात, मी महिना म्हणालो. पंधरा दिवसांवर मिटवू."

ते हसले आणि कबूल झाले. चांगला माणूस होता. त्यांनाही तो पाय कापायची हौस नव्हती. मांसाचा तुकडा काढून तपासता आला असता, पण देविदास टेबलावर चढायलाच तयार नव्हता. एकदा झोपवलं की पाय तिथेच ठेवून घेऊन घरी पाठवतात, असं त्याला डेपोत कोणीतरी सांगितलं होतं.

तेव्हा उरली भोकं. मी दाबून पाहिलं, चिमट्यानं पाहिलं. निव्वळ पाणी. पाय कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलेला, भोकं कापसानं पुसून घेतलेली. मी म्हणालो, "उद्या न धुता या. जुनी पट्टी तशीच ठेवून या. दाणे पट्टीला चिकटलेले असतात."

दुसऱ्या दिवशी आले. पाय धुतलेला, पट्टी नवी.

"सांगितलं होतं ना?"

"हो जी," देविदास खाली मान घालून म्हणाला.

"मग?"

तो आईकडे पाहू लागला. आई भिंतीकडे पाहत होती. मी पुन्हा समजावलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि या खेपेला पट्टीला निळीचा वास. पंधरा दिवसांतले दिवस जात होते. माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला आणि ओरडलो, "मला घाण पाहिजे घाण! मळकी पट्टी आणा, नाहीतर येऊ नका. एवढं साधं कळत नाही?"

बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले. देविदास बूट घालायला वाकला. सुभद्राबाई उठल्या नाहीत.

"सायेब, चिडा तुमी. पन आता आयका," त्या म्हणाल्या. "मी सासरी आली तवा गावातलं मेलेलं ढोर वढाचं काम आमच्या घरावर होतं. 'घान उचला' म्हनलं का उचलाची. छप्पन साली आमी ते सोडलं. त्या दिवसापासून घान चिंधी घेऊन मी कोनाच्या दारात गेली नाई. आन जानार नाई."

"माय, गप ना," देविदास म्हणाला.

"तू गप. मी सायबासोबत बोलून राह्यली."

मी टेबलावरचा हात काढून घेतला. पण माझी जीभ जन्मापासून सौद्याची. मी म्हणालो, "बाई, मी कापड देतो. उकळलेलं, माझ्या दुकानचं. त्याच्यावर जे येईल तो माझा माल. तुम्ही फक्त पोचवा."

"पोचवनार नाई. पाहिजे तर तुमी या."

"मी पेशंटच्या घरी जात नाही."

"मंग राहू द्या."

"पाय जाईल त्याचा."

"जाईन तर जाईन. पन तुमी याल," त्या म्हणाल्या. "तुमी तसे नाई दिसत. आन आले का पह्यले हात धुवा लागन, साबन मी देईन. आन मंग चहा घ्या लागन आमच्या घरचा."

ही शेवटची अट सगळ्यात महाग होती, हे त्या काळातल्या अमरावतीत राहिलेल्याला सांगायला नको. माझ्या घरी ते कळल्यावर काय बोलणी खावी लागतील, तेही मला दिसत होतं. इतक्या वर्षांत मला कोणी असं कोपऱ्यात घेतलं नव्हतं. त्या मायक्रोस्कोप विकणाऱ्याच्या बायकोनंसुद्धा नाही.

"साखर कमी टाका," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी बडनेऱ्याच्या वाटेवरच्या त्यांच्या वस्तीत गेलो, स्वतःच्या हातानं पाय बांधला आणि बजावून आलो की सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. सकाळी सायकलवर पुन्हा गेलो. सारवलेली जमीन, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाटेवर धुतलेली चादर. माझ्यासाठी नवी साबणाची वडी काढून ठेवलेली. मी पट्टी सोडली. आतल्या थरावर पिवळट, खसखशीपेक्षाही बारीक, दाणे. इतका आनंद मला पोरगा झाला तेव्हाही झाला नव्हता, आणि ते मी बोलून दाखवल्यावर सुभद्राबाई म्हणाल्या, "आता बसा. चहा थंडा होते."

चहात साखर भरपूर होती.

दुकानी येऊन दाणे मिठाच्या पाण्यात धुतले, दोन काचांमध्ये चिरडले, रंग दिला. भिंगाला डोळा लावण्याआधी मी उगीच टेबल पुसलं. मग पाहिलं. बारीक धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, गुंतागुंत झालेले. जाड धागा एकही नाही. मी काच घेऊन सर्जनसाहेबांकडे गेलो. त्यांनी स्वतः पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "बारीकच आहेत," म्हणाले, आणि त्यांनी इंजेक्शनं आणि गोळ्या लिहून दिल्या.

गोष्ट इथे संपली असती तर ती वऱ्हाडातली म्हणता आली नसती.

त्या गोळ्या महारोगावरही देतात. डेपोतल्या कुणाच्या तरी मावशीला त्याच गोळ्या चालू होत्या. चार दिवसांत देविदासचा पाय म्हणजे महारोग, असं ठरून गेलं. त्याचा कंडक्टर त्याच्या गाडीवर चढेना. कँटीनमध्ये त्याचा कप वेगळा झाला. देविदासनं गोळ्या बंद केल्या. मला कळलं ते इंजेक्शन देणाऱ्याकडून.

मी डेपोच्या कँटीनमध्ये गेलो आणि दाण्यापासून धाग्यांपर्यंत सगळं सांगितलं. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "सांगता ते बराबर असन, पन गोळी तर तेच हाये ना?" माझं डोकं फिरलं. देविदासच्या डबीतली गोळी काढली, सगळ्यांसमोर तोंडात टाकली आणि वर पाणी प्यालो. "हं. पाहा."

कंडक्टर मागे सरकला. म्हणाला, "तुमाले बी झाला का सायेब?"

पुढे कित्येक दिवस माझ्या दुकानाच्या बाकावर कोणी बसेना. खाजवाला होतो, महारोगी झालो. बढतीच म्हणायची.

तिथून मी तसाच देविदासच्या घरी गेलो, ओरडायला. पण ओरडायची पाळी आली नाही. मी उंबऱ्यात असतानाच आतून सुभद्राबाईंचा आवाज आला. "लोक आपल्याले पह्यले बी शिवत नोयते देवा. पन तवा आपल्यापाशी दोन पाय होते. घे ते गोळी."

त्यानं घेतली. मी उंबऱ्यातूनच परत फिरलो.

औषध फार लांबलं. सूज उतरली, भोकं एकेक करून बुजली, सर्जनसाहेबांनी एक दिवस पुरे म्हणून सांगितलं. आणि त्या दिवसापासून देविदास माझ्याकडे फिरकला नाही. मला याच गोष्टीचा राग आहे. बरा झालेला माणूस खाजवाल्याच्या दारात पुन्हा दिसत नाही. ज्यांचं काही जमलं नाही तेवढेच येतात, आणि ओरडतात. बुरशी असो की बुरशीसारखा दिसणारा जंतू, असा रोग चोरपावलांनी परत येतो, हे मला माहीत होतं. आणि हा गडी पहिली सूज वर्षानुवर्षं बुटात लपवून बसलेला. पाय पाहायला बोलावणी धाडली. निरोप यायचा, "ड्यूटी हाये."

काही वर्षांनी मला कामासाठी अकोल्याला जायचं होतं. गाडीत चढलो तर स्टिअरिंगवर देविदास. जरा सुटलेला, कपडे तसेच कडक. मी त्याच्या पाठीमागचं बाक धरलं.

"पाय कसा आहे?"

त्यानं मान न वळवता वरच्या पाटीकडे बोट केलं. चालकाशी बोलू नये.

"मी बोलत नाहीये, विचारतोय. सूज आहे का?"

"सायेब, गाडी चालवू द्या ना जी."

बूट चकाकत होता. बुटाच्या आत काय आहे ते सांगायला माझं भिंग तिथे चालत नव्हतं. दर गचक्याला मी वाकून त्या टाचेकडे पाहत होतो. शेजारच्या बाईनं पदर सावरून घेतला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं कापसाची बैलबंडी चालली होती. बैल बुजले आणि बंडी सरळ गाडीपुढे आडवी झाली. देविदासनं ब्रेक दाबला. नुसता दाबला नाही, त्या पायावर अंगाचा सगळा भार देऊन, टाचेसकट, जवळजवळ उभाच राहिला. गाडी किंचाळली. माणसं एकमेकांवर पडली, कोणाचा डबा सांडला, आणि माझं कपाळ पुढच्या लोखंडी दांडीवर आपटलं. आत हाड खाल्लं गेलेला माणूस त्या टाचेवर असा उभा राहिला असता, तर बंडीवाल्याच्या आधी तोच ओरडला असता. देविदासच्या तोंडावर वेदनेची एक रेघ नव्हती. तो खिडकीतून डोकं काढून बंडीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होता.

मागून सगळी गाडी देविदासवर तुटून पडली. बायका, म्हातारे, ज्याचा डबा सांडला तो. अकोला येईपर्यंत ते थांबले नाहीत. मी टेंगळावर हात धरून बसलो होतो, आणि उभ्या धंद्यात पहिल्यांदाच मला पेशंटला ओरडायला काही सुचत नव्हतं.